दमणी म्हणून हिणवू नका

देवळी तालुक्यातल्या आमच्या गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोयाबीनच्या भावावर जसा भांडतो, तसा कशावरच भांडत नाही. गेल्या महिन्यात मात्र कोणीतरी लडाखमधल्या 'जोरावर' रणगाड्याचा व्हिडिओ टाकला आणि भाव बाजूला राहिला. आमचे धाकटे काका लगेच बोलले, "25 टनाचा टँक? हे त दमणी झाली ना बाप्पा!" त्यावर चुलतभाऊ म्हणाला, "तिकडं डोंगरावर टँक चढवतेत अन् आपल्या पांदणीतून बंडी निंघत नाही. आधी हे पाहा म्हना."

मी अमेरिकेतल्या टेनेसीत बसून हे वाचत होतो. चुलतभावाचं म्हणणं मान्यच आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पण दमणी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, हा शब्द काकांनी शिवीसारखा वापरला, ते मला टोचलं. बाजारच्या दिवशी लवकर पोचायचं तर आजोबा दमणीच जुंपायचे. भरलेली बंडी, म्हणजे मालाची जड बैलगाडी, काढायची नाही, कारण पावसानं काळी माती फुगली की तिची चाकं आखापर्यंत रुतायची. पुढे बैल जोडायला दुसऱ्याची जोडी मागून आणावी लागायची. दमणी त्याच वाटेनं निघून जायची.

रणगाडा म्हणजे शेवटी गाडाच. लडाखमध्ये चिखलाची जागा विरळ हवा घेते. साडेचार हजार मीटरवर इंजिनाला हवा पुरत नाही, त्याचा दम तुटतो. तरी 2020 च्या उन्हाळ्यात गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर आपण टी-72 आणि टी-90 हे जड रणगाडे तिथे चढवलेच, दुसरं हाताशी काही नव्हतं. टी-72 चं वजन 40 टनांच्या वर आणि इंजिन 780 अश्वशक्तीचं, म्हणजे टनामागे 19 च्या आसपास. जोरावरचं इंजिन जवळपास तेवढ्याच ताकदीचं, पण ओढायचे 25 टनच, म्हणून टनामागे 30. समोर चीनने 'टाइप 15' आणून ठेवलाय. तोही हलक्यातच मोडतो, पण 30 टनांच्या वरचा आहे आणि इंजिन हजार अश्वशक्तीचं.

आणि हे आपल्याला नवं नाही. 1 नोव्हेंबर 1948 ला साडेतीन हजार मीटरवरच्या झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे पोचले, ते हलके होते म्हणूनच. वाटेत कोणाला कळू नये म्हणून त्यांचे बुरूज, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, काढून वेगळे नेले होते. 1962 मध्ये लडाखमधल्या चुशुलला एएमएक्स-13 हे हलके रणगाडे विमानातून उतरवले. ही विद्या आपल्याकडे होती. मधल्या काळात वाळवंट आणि पंजाबच्या मैदानाचाच विचार करता करता ती निसटली.

आता मी राहतो तिथली गोष्ट. फोर्ट कॅम्पबेल हा लष्करी तळ टेनेसी-केंटकीच्या सीमेवर आहे. अमेरिकेच्या सैन्याने पायदळासाठी 'एम10 बुकर' नावाचं रणगाड्यासारखं वाहन करायला घेतलं. पहिल्यांदा ते विमानातून पॅराशूटने टाकता यावं अशी कल्पना होती. मग चिलखत वाढलं, यंत्रं वाढली, पॅराशूटची अट सुटली आणि वजन 38 टनांवर गेलं. एका सी-17 विमानात दोन मावतील असं ठरलं होतं, शेवटी एकच मावेल असं निघालं. फोर्ट कॅम्पबेलच्या आतल्या 11 पुलांपैकी 8 पूल याच्या वजनाने तडकतील, हे सैन्याच्याच माणसाने जाहीरपणे सांगितलं. 2022 मध्ये शंभर कोटी डॉलरहून मोठं कंत्राट दिलेलं हे वाहन जून 2025 मध्ये रद्द झालं. आपल्याच तळावरच्या पुलावरून जात नाही असा गाडा! आमच्या गावात हे झालं असतं तर त्या माणसाला जन्मभर चिडवलं असतं.

हे सांगायचं कारण अमेरिकेला हसणं नाही. आपला अर्जुनही 40 टनांचा रणगाडा म्हणून 1970 च्या दशकात सुरू झाला आणि त्याची आजची आवृत्ती 68 टनांची आहे. प्रत्येक वाढीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरंच वाटलं असणार. बंडी अशीच भरते. दोन पोती अजून, वर कडब्याच्या चार पेंढ्या, आणि मग बसायला पोरं.

म्हणून जोरावरबद्दल माझी काळजी काकांच्या उलट आहे. जुलै 2024 मध्ये गुजरातमधल्या हजिऱ्याला तो लोकांसमोर आला, वाळवंटात चालून झाला, त्याच वर्षाच्या शेवटी लडाखमध्ये 4200 मीटरच्या वर त्याने तोफ डागून दाखवली. डीआरडीओ आणि एल अँड टीने तो तीनेक वर्षांत उभा केला, ही आपल्याकडे थोडी गोष्ट नाही. आता प्रत्येक जण त्यात काहीतरी घालायला सांगेल. युक्रेनमध्ये ड्रोनने रणगाड्यांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा जाड चिलखताची मागणी होणारच, आणि ती वेडगळ नाही. पातळ पत्र्यामागे बसलेल्या पोरांचा जीव हा हिशेबातला आकडा नव्हे. पण तिथे बसलेलं पोर गाडा जागेवर पोचला तरच कामाचं. मला विचाराल तर पंचवीसचे अठ्ठावीस करणाऱ्याला आधी त्या तीन टनांच्या बदल्यात काय उतरवतोस ते विचारावं.

राहिला चुलतभाऊ. रणगाडा की पांदण, हा प्रश्न मला खोटा वाटतो. एकाचा पैसा दिल्लीतून येतो, दुसऱ्याचा कुठे अडतो ते त्यालाही ठाऊक आहे. मला इथलं एवढंच हेवा वाटण्यासारखं वाटतं की पैसा पाण्यात गेल्यावर तरी कोणी नाव घेऊन बोलतं, आणि छोट्याशा ओढ्यावरचा पूलही कमजोर असला तर त्याला किती टन चालतील याची पाटी असते. आमच्या नाल्यावरच्या रपट्याला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, पाटी नाही. दरवर्षी पहिला जड ट्रॅक्टर जाऊन ते ठरवतो.

बुकरच्या पुलांची ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग काकांचा आवाज आला: "त्याइच्या पुलाचं जाऊ दे बाबू. रपट्याची एक बाजू काल खचली. हार्वेस्टरवाला म्हंते मी येत नाही. त्या दमणीवाल्याइले इचार, भाड्यानं देतेत काय."