मोरीसाठी दोन तास

आज मार्चचा दुसरा मंगळवार. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात टाउनशिपांची, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या सरकारांची, वार्षिक सभा याच दिवशी असते. सभेहून घरी आले, बूट काढतेय तोवर मिनिआपोलिसच्या एका मित्राचा फोन. कुठे होतीस म्हणाला, सांगितलं. तर म्हणतो, "तेवीस माणसांची सभा? ताई, बंद करून टाका हे सगळं. काउंटी आहे ना! मोऱ्या मोजायला वेगळं सरकार कशाला लागतं?"

काउंटी म्हणजे टाउनशिपच्या वरचं, आपल्या जिल्ह्यासारखं सरकार. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मोरीचंच सांगते. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या एप्रिलमध्ये बर्फ वितळला, घरासमोरच्या मोरीचा पाइप तुंबला आणि खडीचा रस्ता वाहून गेला. शाळेची बस चार दिवस वळणापर्यंतच यायची. मुलीला कडेवर घेऊन चिखलातून नेलं मी. पुढच्या मार्चला सभा आहे असं कळलं. मी नागरिक नव्हते, मत नव्हतं. तरी गेले आणि मागे बसले. रस्त्यांचा विषय निघाला तेव्हा हात वर केला. सभेचा अध्यक्ष, म्हणजे त्याच दिवशी जमलेल्यांनी निवडलेला एक शेतकरी, त्याने सगळ्यांना विचारलं, "या बाईंना बोलू द्यायचं ना?" कुणी नाही म्हटलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी माझ्या मोरीबद्दल बोलले.

आता सांगा, काउंटीच्या ऑफिसात मला कुणी उभं केलं असतं का?

टाउनशिप म्हणजे पुण्यातली स्विमिंग पूलवाली सोसायटी नव्हे. 1785 च्या कायद्याने आखलेला जमिनीचा चौकोन, सहा मैल बाय सहा मैल. त्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन, प्रत्येकी 640 एकर. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखीव, मिनेसोटात छत्तिसावासुद्धा. या देशाची राज्यघटना लिहायला अजून दोन वर्षं होती आणि शाळेची जमीन आधी बाजूला काढलेली! मोजणी 66 फुटी साखळीने. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, त्याची बाजू बरोबर त्या साखळीच्या निम्मी. हे लक्षात आलं तेव्हा मी बाबांना बार्शीला फोन केला होता. सातबाऱ्यात आयुष्य गेलेला माणूस, किती वेळ नुसता "असं होय, असं होय" करत होता.

बाकी ती रेघ रिकाम्या जमिनीवर ओढलेली नव्हती. दक्षिण मिनेसोटा डकोटा लोकांकडून 1851 च्या तहांनी काढून घेतला. 1862 च्या डकोटा-अमेरिका युद्धानंतर मॅन्केटोला एकाच दिवशी 38 डकोटा पुरुषांना फाशी दिली. माझं घर त्याच जमिनीवर आहे. एवढ्या वर्षांत सभेत मी हे कधी काढलेलं नाही. काढायला हवं होतं.

पण बंद करा म्हणणाऱ्यांना हे सरकार काय करतं ते तरी ठाऊक आहे का? बहुतेक ठिकाणी तीन सुपरवायझर, एक क्लार्क, एक खजिनदार. खडीचे रस्ते, बर्फ काढणं, तण, मोऱ्या. दोन शेतकऱ्यांचं सामाईक कुंपणावरून वाजलं तर हेच सुपरवायझर कायद्याने पंच! आणि पुढच्या वर्षाचा कर किती, ते जमलेले मतदार हात वर करून ठरवतात. आपल्याकडे ग्रामसभा आहे, 73व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागाही दिली. पण आमच्या गावात कोरमसाठी घरोघर सह्या गोळा करताना मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला इथल्या त्या वर गेलेल्या हातांचं इतकं अप्रूप.

बरं, त्याच त्या चार घराण्यांची माणसं निवडून येतात, क्लार्क व्हायला कुणी तयार नसतं, हे खरंय. मान्य.

माझी मोरी लगेच झाली नाही. त्या सभेने रस्ते-पुलांसाठीचा कर वाढवला, तो पैसा यायला पुढचं वर्ष उजाडलं, मग उन्हाळ्यात मोठा पाइप बसला. मधल्या वसंतात मागच्या शेतातले आजोबा रोज सकाळी फावडं घेऊन पाइपाचं तोंड मोकळं करायचे. सभेत माझ्या बाजूने पहिला हात त्यांचाच होता. गेल्या वर्षी ते गेले. आज त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती, आणि त्यावर कुणी बसलंही नाही.

राग उतरला थोडा लिहिता लिहिता.

आज खडीवर मतदान झालं. सगळ्या रस्त्यांना यंदाच नवी खडी द्यावी असं माझं म्हणणं होतं. 17 विरुद्ध 6. मी सहांत. खडी दोन वर्षांत टाकायची ठरली, उत्तरेचे रस्ते आधी, माझा नंतर. जिने माझ्याविरुद्ध हात वर केला तिनेच निघताना उरलेला केक बांधून दिला.

मित्रा, पुढच्या मार्चला दुसऱ्या मंगळवारी ये. तुला इथे मत नाही. पण तुला बोलू द्यायचं का, ते मी सगळ्यांना विचारीन.