साहेब, मॅडमना सांगा

"साहेब, मॅडमना सांगा, नवीन मशीन आहे, जरा दमानं घ्या म्हणावं."

मॅडम म्हणजे मी. मी लॅपटॉपच्या दुकानातल्या त्या पोरापासून हातभर लांब उभी होते, लॅपटॉप माझा, त्यावर उघडलेले फोटो माझे, पासवर्ड आत्ता दोन मिनिटांपूर्वी मीच टाकलेला, आणि हा माझा निरोप ह्यांच्याकडे देतोय, जशी काही मी माहेरी गेलेय आणि हे मला रात्री फोन लावून कळवणार आहेत. आणि हे काय म्हणाले माहितेय? "सांगतो."

सांगतो!

आठ दिवस झाले ह्या गोष्टीला. अजून आमटीला फोडणी देताना आठवतं आणि मोहरी जास्त पडते.

झालं काय, तर मला फुलांचे फोटो काढायचा नाद आहे. साताऱ्यात राहून कास पंचवीस किलोमीटरवर असताना हा नाद नसणं हाच खरं तर आजार म्हणायला हवा. पण २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि आता आम्हा गावकऱ्यांनाच तिकीट काढून, दिवसाला ठरलेल्या माणसांच्या हिशोबात बसून आपल्याच पठारावर जावं लागतं, ते असो. ह्या सप्टेंबरात दोन खेपा करून सहाशे चाळीस फोटो काढले. सोनकी, तेरडा, आणि सीतेची आसवं, ते निळंजांभळं नखाएवढं फूल, दिसायला गरीब गाय आणि जमिनीखाली किडे खातं. त्यासाठी मी चिखलात पालथी पडले होते आणि हे मागं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "काही नाही, फोटो काढतायत" असं सांगत होते.

जुना लॅपटॉप मेला होता. भिशी लागली, थोडी आरडी मोडली आणि ब्याण्णव हजारांचा नवीन घेतला. वेगळं ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, सगळं वाचून-बिचून, तीन महिने तुलना करून घेतलेला. बिल मात्र ह्यांच्या नावावर, कारण दुकानदारानं नाव विचारलं तेव्हा ह्यांच्याकडंच बघून विचारलं.

आणि हा ब्याण्णव हजारांचा गडी फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की बसायचा. म्हणजे कसा, उजेडाची पट्टी मी जराशी उजवीकडं सरकवली, तर फोटो ढिम्म. म्हटलं लागली नसेल, अजून थोडी सरकवली. ढिम्म. अजून थोडी. मग ह्याला एकदम सगळ्याची आठवण यायची आणि तिन्ही वेळचं सरकवणं एका दमात लागू व्हायचं, की सोनकीचं पार ज्वारीचं पीठ. परत मागं घ्यायला पाच मिनिटं. फोटोतले दाणे, म्हणजे रवाळपणा, घालवायची जी नवीन सोय आहे ती लावली, तर एका फोटोला चौदा मिनिटं दाखवायचा. एका! मी एक फोटो लावून कणीक मळली, पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणि परत आले तेव्हा अकरा मिनिटं बाकी होती.

मी हातावर हात ठेवून बसले नव्हते हं. ड्रायव्हर अपडेट केला. सेटिंगमध्ये जाऊन ह्या सॉफ्टवेअरला मोठंच ग्राफिक्स कार्ड वापर असं बजावलं. कॅशे वाढवली, चेहरे ओळखायची सोय बंद केली (फुलांना कसले चेहरे), फोटोंची मागच्या मागं ढगात पाठवणी चालली होती ती थांबवली. शून्य फरक. मग हे म्हणाले, "दुकानात दाखवू." इथंच मी चुकले.

दुकान पोवई नाक्याजवळ. तिथला ग्रेड सेपरेटर सुरू झाला २०२१ साली, पण आमच्या ह्यांच्यासाठी तो अजून सुरूच व्हायचाय, दर वेळी नको त्या तोंडानं आत जातात आणि भलत्याच रस्त्याला उजेड दिसतो. त्यामुळं पोचेपर्यंत माझं डोकं आधीच तापलेलं. दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर तो पोरगा, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पांढऱ्या मिशांचे, ताठ पाठीचे एक आजोबा, दोन गुडघ्यांच्या मध्ये युरियाची गोणी धरून. गोणीत नातवाचा कॉम्प्युटर होता. आजोबा रिटायर्ड सुभेदार. ही माहिती त्यांनी विचारायच्या आधी दिली.

"काय तक्रार हाय, ताई?" त्यांनी विचारलं. नीट ऐका, मलाच विचारलं. अख्ख्या दुकानात त्या दिवशी माझ्याशी थेट बोललेला हा एकमेव माणूस, म्हणून त्यांचं सगळं माफ आहे.

मी म्हटलं, "स्लो चालतोय हो. नवीन आहे तरी."

"किती दिवसाचाय?"

"दीड महिना."

"मंग रंगरूट हाय की!" सुभेदारांनी गोणी भिंतीला टेकवली आणि स्टूल पुढं ओढलं. "दीड म्हैन्यात काय हुतंय? ट्रेनिंग पुरं न्हाई आन तुमी त्याला डायरेक बॉर्डरवर हुबा केला. काम काय देता त्याला?"

"फोटो. रॉ फोटो असतात, म्हणजे कच्चे..."

"कच्चे? मंग शिजवतं कोण?"

"तेच तर. शिजवायलाच ह्याला घेतलाय."

हे त्यांना पटलं. लंगरखान्याचं काम म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर गंभीरपणा आला. "एक फोटो केवढ्याचा?"

"पंचवीस एमबी."

"आन असे किती?"

"सहाशे चाळीस."

सुभेदारांनी डोळे मिटून तोंडी गुणाकार केला, आणि बरोबर केला. "सोळा हजार! आवं ताई, ही काय रीत झाली का? भरलेला पिठ्ठू पाठीवर दिऊन तुमी त्याला अजिंक्यताऱ्यावर पळवताय. त्यो बसंल न्हाईतर काय करंल?"

मग ते उठले आणि त्यांनी लॅपटॉपच्या कीबोर्डवर पंजा ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. उलटा करून परत ठेवला. कान लावला. दुकानातलं पोरगं "आजोबा, आजोबा" करत होतं, पण सुभेदारांनी हातानंच त्याला गप्प केलं.

"ताप न्हाई," त्यांनी निदान सांगितलं. "गार हाय. आंगचोर हाय ह्यो. मला आंगचोर लांबनं वळकू येतो. ताप न्हाई, खोकला न्हाई, नुसतं 'साब, पेट में दर्द है'. असल्याला दोन दिस एकदम हलकं काम द्यायचं, चादरीच्या घड्या-बिड्या, आन तिसऱ्या दिशी पाटंचं चार वाजता उठवून पळवायचा. आपोआप सरळ."

हे इतका वेळ कीबोर्डच्या पॅकिंगवरचा बारीक मजकूर वाचत होते. ते एकदम म्हणाले, "तरी मी हिला म्हणत होतो."

काय म्हणत होता हो? काय? पहाटे चारला पळवायचा म्हणत होतात?

मग त्या पोरानं लॅपटॉप हातात घेतला. चार्जर आम्ही नेलाच नव्हता, बॅटरी साठ टक्के होती, म्हटलं कशाला ओझं. त्यानं सॉफ्टवेअर उघडलं, झटकन उघडलं. उजेडाची पट्टी सरकवली, फोटो तिच्या मागोमाग लोण्यासारखा उजळला. परत सरकवली, परत उजळला. मला तर बाळ घरी रात्रभर रडावं आणि डॉक्टरांच्या टेबलावर खुदकन हसावं तसं झालं.

"सायबासमोर सगळेच ताठ हुबं राहत्यात," सुभेदार हळूच म्हणाले.

पोरानं वर आणखी एक ४के व्हिडिओ लावून दाखवला, पाण्याचा धबधबा, आणि ह्यांना म्हणाला, "बघा साहेब, ठणठणीत आहे. मॅडमचं काय होतंय, एकावेळी जास्त क्लिक होत असणार." मी म्हटलं, अरे बाबा, घरी प्लगला लावून असतो तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा स्पीड एक गिगाहर्ट्झच्या पण खाली दिसतो, ते बघ ना. त्यानं ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं. आणि मग ह्यांच्याकडं वळून ते पहिलं वाक्य बोलला, साहेब, मॅडमना सांगा. अँटिव्हायरस टाकला, तात्पुरत्या फायली उडवल्या, आठशे रुपये घेतले. ते मात्र माझ्याकडून घेतले. क्यूआर कोड समोर धरताना त्याला मॅडम बरोबर दिसल्या.

आता हे फक्त ह्या पोराचं नाही. फरशी निवडायला गेलो तरी तेच, स्कूटर गॅरेजला तेच, आणि स्कूटर तर हे चालवत पण नाहीत. मी बावीस वर्षं पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते. ह्यांच्या खात्यात एमएस-सीआयटी सक्तीची झाली आणि नाही केली तर वेतनवाढ अडकणार म्हटल्यावर रात्री अकरा-अकरापर्यंत डबल क्लिक कुणी शिकवला ह्यांना? माउस हातात धरून? ते सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. माझं कपाटात आहे, रेशनकार्डाच्या खाली. मी भांडत नाही, पण दुकानात ह्यांनी नुसतं एवढं म्हणायला काय जात होतं, की तिलाच सांग, तिला जास्त कळतं. पाच शब्द आहेत. "सांगतो" म्हणायला पण तोंड उघडावंच लागलं ना?

असो. घरी आले, प्लगला लावला, आणि परत ज्वारीचं पीठ.

परवा रात्री मी चिडून तसाच चालू ठेवला. सीतेच्या आसवांचा एक फोटो घेतला, दाणे घालवायला लावला, चौदा मिनिटं दाखवली, म्हटलं दाखव. आणि लाईट गेली. अख्ख्या गल्लीची. अंधारात फक्त स्क्रीनचा उजेड, आणि दोन-तीन सेकंदात लॅपटॉपमधून कधी न ऐकलेला आवाज आला, घुर्रर्र. पंखा! दीड महिन्यात पहिल्यांदा ह्याचा पंखा फिरला होता. मी बघते तर उरलेली बारा मिनिटं भराभर उतरत गेली आणि मिनिटाच्या आत फोटो तयार. लाईट गेल्यावर पळणारा लॅपटॉप मी जन्मात पाहिला नव्हता. दुसरा फोटो लावला, पळाला. तिसरा लावला आणि मध्येच लाईट आली. पंखा गप्प, आकडा परत तेरा मिनिटं.

मग मी तो प्लग काढला. घुर्रर्र. लावला. गप्प. काढला. घुर्रर्र. असं सात-आठ वेळा केलं, आतून हे ओरडले, "काय मिक्सर लावलायस का ह्या वेळी?"

मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात चार्जर उलटा करून वाचला. वीस व्होल्ट, ३.२५ अँपिअर. म्हणजे पासष्ट वॅट. मग लॅपटॉप पालथा घातला, त्याच्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलेलं, वीस व्होल्ट, ९ अँपिअर. एकशे ऐंशी वॅट. त्याला हवं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा मी त्याला देत होते, आणि पुरत नाही म्हटल्यावर ते शहाणं मशीन जिवाच्या भीतीनं स्वतःला बांधून घेत होतं. बॅटरीवर आला की मोकळा. सुभेदारांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, उपाशीपोटी परेड. आणि गार का होता तेही कळलं. आजोबांनी हात लावून सांगितलं होतं, ऐकून घ्यायची अक्कल दुकानात कुणाला नव्हती, त्यात मी पण आले.

तर हा छोटा चार्जर आला कुठून? मुलाच्या जुन्या लॅपटॉपचा, टाइप-सीचा. आणि ह्याचा स्वतःचा कुठंय? माळ्यावर. खोक्यात. थर्माकोलमध्ये. कारण लॅपटॉप घरी आला त्या दिवशी ह्यांनी तो वीटभर चार्जर हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "ओरिजिनल आहे, खराब होईल. हा लाव, ह्यालाही भोक आहे की, बसतंय बघ." आमच्या घरात रिमोटला प्लॅस्टिक आहे, रिमोटच्या प्लॅस्टिकला रबर आहे, आणि लग्नातला डिनर सेट अजून पाहुण्यांची वाट बघतोय. बसतंय म्हटल्यावर बसलं. मीही काही बोलले नाही, खोटं कशाला सांगू, ती वीट सोफ्यावर घेऊन बसायचा मलाच कंटाळा होता.

रात्री साडेअकराला स्टुलावर चढून मी ते खोकं काढलं. हे खाली स्टूल धरून उभे. चार्जर लावला, पंखा घुर्रर्र, प्लगसकट, आणि दहा फोटो मी एका दमात उरकले. हे थोडा वेळ बघत राहिले, मग समाधानानं म्हणाले, "बघ. म्हणून मी म्हणतो, ओरिजिनल वस्तू जपून ठेवावी. ऐन वेळी कामाला येते."

मी काही बोलले नाही. हातात चार्जर होता आणि तो खरंच विटेएवढा जड आहे.

काल जेवताना ह्यांचा मोबाईल वाजला. दुकानाचा मेसेज, आमची सेवा कशी वाटली, कृपया रेटिंग द्या. बिल ह्यांच्या नावावर, नंबर ह्यांचा, म्हणून मत पण ह्यांचंच. हे डावा हात ताटाबाहेर ठेवून, चष्मा कपाळावर, अंगठ्यानं एकेक चांदणी दाबत होते. पाच. मी कढी वाढता वाढता वाकून बघितलं. खाली चौकोनात टाइप केलेलं होतं, डबल क्लिक शिकवलेल्या त्याच बोटांनी:

"उत्तम सेवा. आपण सांगितल्याप्रमाणे मिसेसना सांगितले. लॅपटॉप आता पळतो."