साठीची थरथर

आधीच सांगून टाकतो, गाडी उंच करायची काही गरज नव्हती. उमरेडच्या पुढे काकांचं शेत आहे, पावसाळ्यात तिथं काळ्या मातीचा चिखल होतो, त्यात एकदा आमची जुनी जिप्सी पोटावर बसली आणि बैलजोडीनं ओढून काढावी लागली. बैलांना काही वाटलं नाही, मला वाटलं. मग मागेपुढे पाट्यात, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, पट्ट्या वाढवून घेतल्या, गाडी 3 इंच वर आली, 28 इंची टायर टाकले. बाबांनी "आरटीओला चालते का हे?" असं विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

पहिल्याच रविवारी वर्धा रोडला लागलो आणि 55 च्या पुढे काटा गेला तशी गाडी थरथरायला लागली. म्हणजे धक्के नाही, थरथर. सीटमधून कमरेत, कमरेतून दातात. बायकोच्या मांडीवर तर्री-पोह्यांचा स्टीलचा डबा होता, त्याचं झाकण 55 ला किणकिणायला लागलं, 60 ला नुसतं गाऊ लागलं आणि 70 च्या पुढे एकदम गप्प. मागून बाबा म्हणाले, "साठीला थरथर येतेच रे, माझं पण तसंच झालं होतं."

त्यानंतर दोन महिने मी जे केलं त्याला निदान म्हणतात, डॉक्टरकडे याचे पैसे लागतात, गाडीच्या बाबतीत गल्लीतले सगळे फुकट करतात. पहिलं निदान अर्थातच व्हील बॅलन्सिंग. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा गेलो तर तो पोरगा म्हणाला, "भाऊ, आता रिमवर शिसं लावाले जागा नाही राह्यली." त्यात आपल्या नागपुरात रस्ते सिमेंटचे, दर थोड्या अंतरावर जोड, त्यामुळे धड-धड रस्त्याची का गाडीची हेच कळेना. शेवटी डांबरी तुकडा शोधत पार काटोल रोडच्या बाहेर जाऊन टेस्ट घ्यायचो, बाजूला बायको, तिच्या मांडीवर डबा. डबा हेच आमचं यंत्र. 60 ला क्लच दाबून न्यूट्रल केलं तरी झाकण वाजतच होतं, म्हणजे इंजिन सुटलं. इथवर मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग गणित केलं. 28 इंची चाक 60 च्या स्पीडला सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. चाकाचा दोष असता तर थडथड मोजता आली असती, आमची तर गुणगुण होती. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा गाडीखालचा दांडा, चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला तीसेक वेळा, आणि शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, तिरपा असला की एका फेऱ्यात दोनदा शाफ्टचा वेग कमीजास्त होतो. म्हणजे सेकंदाला साठेक थरथरी. हा जॉइंट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जातो, 17 व्या शतकातला, आणि स्प्रिंगचा नियम शाळेत घोकला तो पण याच माणसाचा. म्हणजे माझे पाटे पण त्याचे आणि क्रॉस पण त्याचाच. एका माणसानं माझं इतकं वाटोळं करावं आणि ते पण साडेतीनशे वर्षं आधी!

आता जिप्सीत शाफ्ट तीन. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंत, एक आखूड, तिथून एक पुढे, एक मागे. मेकॅनिक म्हणाला, "क्रॉस गेला असंन, नवे टाकून देतो." नवे टाकले. पण शाफ्ट खोलताना खूण करायची राहिली, दोन तुकडे एकमेकात बसवताना एक दात इकडचा तिकडे झाला आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहिले नाहीत. त्या दिवशी 40 लाच डबा गायला लागला. बायको म्हणाली, "प्रगती आहे." परत गेलो, परत खोललं, या वेळी मी स्वतः पांढऱ्या पेंटनं खूण केली, गाडी होती तिथंच आली, म्हणजे साठीवर.

मग मागचा शाफ्ट पूर्ण काढून मागे टाकला, फोर बाय फोर टाकलं आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पळवली. 60. डबा गप्प. 65, गप्प. बायकोनं तर झाकण बोटानं टिचकावून पाहिलं, खराब तर नाही ना झालं म्हणून. चोर मागचाच!

संध्याकाळी मेकॅनिककडे गाडीखाली पडलो, मोबाईलमधलं अँगल मोजायचं ॲप लावलं, स्क्रीनवर ऑइलचा थेंब, पाठीखाली 45 डिग्रीत तापलेली फरशी. ट्रान्सफर केसचं तोंड 3 डिग्री खाली, शाफ्ट 12, आणि मागच्या पिनियनचं, म्हणजे शाफ्ट मागच्या ॲक्सलला जिथं जोडतो त्या गिअरचं, तोंड 9 डिग्री वर. म्हणजे एका क्रॉसला 9 चा कोन, दुसऱ्याला 3 चा. हे दोन कोन सारखे पाहिजेत, मग एकानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो, नवरा-बायकोसारखं. आमच्याकडे निस्तरणारा अर्धवट.

"पिनियन इतकं वर कसं काय?" मी विचारलं.

"तुम्हीच तं म्हणलं होतं भाऊ, शाफ्ट सरळ दिसला पाहिजे. मंग पाट्याखाली सहा डिग्रीची पाचर नाही का ठोकली? हजार रुपये जोडीचे घेतले ना मी."

आठवलं. कुठल्यातरी परदेशी गाडीच्या व्हिडिओत पाहिलं होतं, पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे रोखलेलं. त्या गाडीला वरच्या टोकाला डबल जॉइंट होता, तिथं ते बरोबर. माझ्या साध्या शाफ्टला दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत. मेकॅनिकनं ठोकली, पण सांगितली मी, पैसे दिले मी, आणि दोन महिने दोष शोधत फिरलो तो पण मीच.

पाचरी काढल्या. 9 आणि 9. काटोल रोडवर 60 ला डबा शांत, बायको झोपली.

पाचरी वाया कशाला घालवायच्या म्हणून बाल्कनीतल्या कूलरच्या स्टँडखाली ठोकल्या, फरशीला उतार आहे, कूलर हलायचा. आता हलत नाही. पण रात्री बाबांनी आवाज दिला, "काहून बे, डावीकडची ताटी कोरडी आहे, पाणी सगळं उजवीकडं जाऊन राह्यलं!" मी मोबाईल घेऊन गेलो, टाकीवर ठेवला, ॲप उघडलं. बाबा चष्मा लावून स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "किती?"