घरी जाताय? आधी जिना मोजून घ्या

परदेशात राहताय, दोन वर्षं घरी गेला नाहीत, आई फोनवर "आमचं काय, आम्ही मजेत आहोत" असं ज्या आवाजात म्हणते तो आवाज आता ऐकवत नाहीये, म्हणून काय वाट्टेल ते होवो यंदा जायचंच असं ठरवलंय? फार छान. अभिनंदन. मी कोरोनाच्या काळात, २०२१ च्या डिसेंबरात, साताऱ्याला जाऊन लंडनला परत आलो होतो, त्या अनुभवाचे चार शब्द फुकटात देतो, घ्यायचे तर घ्या.

पहिलं म्हणजे तिकीट. तिकीट काढण्याआधी जरा जगाचा विचार करत जा हो, कारण आपण तिकीट काढलं की कोरोनाचा नवीन व्हेरियंट येतो. हसू नका, पुरावे आहेत. २०२० च्या नाताळात जायचं म्हणून मी २३ डिसेंबरचं तिकीट काढलं आणि २२ च्या मध्यरात्रीपासून भारताने ब्रिटनची सगळी विमानं बंद केली, आधी म्हणाले ३१ पर्यंत, मग म्हणाले ७ जानेवारीपर्यंत. म्हटलं ठीकाय, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, एप्रिलच्या शेवटी जाऊ. तर २०२१ च्या २३ एप्रिलला पहाटे ४ वाजता ब्रिटनने भारताला रेड लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक देशांच्या यादीत, टाकलं. म्हणजे जायला कोणी हात धरला नव्हता, फक्त परत आल्यावर १० दिवस ठरवून दिलेल्या हॉटेलात राहायचं आणि एका माणसाचे १७५० पौंड मोजायचे. बाबा म्हणाले, "तेवढ्यात माझे दोन्ही डोळे, तुझे दोन्ही डोळे आणि वर शेजाऱ्यांचे होतील." नाही गेलो. ८ ऑगस्टला भारत लिस्टमधून सुटला, आणि पुढच्या चारच दिवसांत त्या हॉटेलचा रेट २२८५ पौंड झाला, तेव्हा न जाऊन आपण पाचशे पौंड कमावले असं वाटून मी त्या रात्री बाहेरून जेवण मागवलं.

मग २५ नोव्हेंबर २०२१. सगळं शांत दिसत होतं, काढलं तिकीट. २६ ला बातमी आली की १५ डिसेंबरपासून भारतात येणारीजाणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानं परत सुरू, म्हटलं वा, नशीब उघडलं, आणि त्याच दिवशी डब्ल्यूएचओने ओमायक्रॉनचं बारसं केलं. १ डिसेंबरला ती नियमित विमानंही पुढे ढकलली. माझं एअर बबलमधलं, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून चालू ठेवलेल्या विमानांतलं, होतं म्हणून वाचलं. तर सांगायचं काय, तिकीट काढायच्या आधी मला एक मेसेज टाकत जा, मी काढत असेन तर तुम्ही थांबा.

बरं, आपल्यालाच त्रास असंही रडत बसू नका. माझा एक मित्र न्यू जर्सीला असतो, एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर, तो २०२१ च्या एप्रिलमध्ये आईला बघायला नागपूरला गेला आणि ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या व्हिसावाल्यांना दार बंद केलं ते थेट नोव्हेंबरात उघडलं. सहा महिने तो नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर अमेरिकेचं ऑफिस करत होता आणि दिवसा झोपायला गेला की आई म्हणायची एवढ्या लांबून काय झोपायला आलास का. आणि ऑस्ट्रेलियाने तर त्याच मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्या नागरिकांना सांगितलं की भारतातून घरी परत याल तर पाच वर्षांपर्यंत जेल किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड. टिकला तो नियम जेमतेम दोन आठवडे, पण घरी यायची शिक्षा पाच वर्षं, हे असं कागदावर लिहिलेलं वाचलं की आपले १७५० पौंड एकदम प्रेमळ वाटायला लागतात.

दुसरा सल्ला, नियम लवकर वाचू नका. लवकर वाचले की बदलतात. ३० नोव्हेंबरला महाराष्ट्राने फर्मान काढलं की ॲट रिस्क, म्हणजे जास्त धोक्याच्या यादीतल्या, देशातून येणाऱ्यांनी सात दिवस इन्स्टिट्यूशनल क्वारंटाईनमध्ये राहायचं आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी टेस्ट करायची. मी शहाणा, त्याच रात्री मुंबईत सात दिवसांचं हॉटेल बुक केलं, स्वस्त पडतंय म्हणून नॉन रिफंडेबल. केंद्र म्हणालं आमच्या नियमांशी जुळत नाही, २ डिसेंबरला महाराष्ट्राने तो नियम आफ्रिकेतल्या तीन देशांपुरता ठेवला. हॉटेल मात्र नियमाचं एकदम पक्कं निघालं, पैसे काही परत दिले नाहीत. ब्रिटन ॲट रिस्क यादीत होतंच, अमेरिका नव्हती, तिकडून येणाऱ्यांतल्या फक्त २ टक्के लोकांची टेस्ट. आता ओमायक्रॉनला कुठल्या देशाची इमिग्रेशन लाईन छोटी आहे ते कळत असणार, त्याशिवाय का.

निघण्याआधी तेव्हा ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर लागायची. एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, फुकटची चालायची नाही, प्रायव्हेटच लागायची, कारण प्रवासाला निघालेला विषाणू फुकटच्या टेस्टमध्ये सापडत नसावा. रिपोर्ट आला की तो सेल्फ डिक्लरेशन फॉर्मला जोडायचा. त्या फॉर्मला सीट नंबर हवा असायचा, सीट नंबर चेक इन केल्यावर मिळायचा, आणि चेक इनच्या काउंटरवरची मुलगी विचारायची फॉर्म भरला का. इथे घाबरायचं नाही. मी १४ ए लिहिलं, बसलो ३७ एफ वर, आजपर्यंत मला कोणी विचारलेलं नाही, पण अजून रात्री कधीकधी जाग येते.

मुंबईत उतरल्यावर परत टेस्ट. साधी करायची तर स्वस्त आणि बसा तासन् तास, रॅपिड करायची तर पटकन आणि खिसा रिकामा. मी साधी केली, काटकसर, आणि मग त्या बसलेल्या वेळात एवढ्या वेळा चहा-सामोसा घेतला की रॅपिडच स्वस्त पडली असती. पुढे टॅक्सी. ड्रायव्हरने "मास्क नीट लावा हं साहेब, तुम्ही बाहेरून आलाय" असं बजावलं, स्वतःचा हनुवटीला लावला आणि खंबाटकी चढेपर्यंत त्याच्या मेव्हण्याला कोरोना कसा झाला ते मागे वळून वळून सांगितलं.

आता मुख्य मुद्दा, जिना. सात दिवस होम क्वारंटाईन, आठव्या दिवशी टेस्ट, म्हणजे घरी जाऊन घरच्यांना भेटायचं नाही असा तो कार्यक्रम असायचा. त्यासाठी घराला माडी पाहिजे. आमच्याकडे आहे, आणि माडीवर जायला चौदा पायऱ्या आहेत हे मला लहानपणापासून तिथे राहून माहीत नव्हतं ते आता पाठ झालंय. आई सात चढायची, ताट ठेवायची, खाली जायची, मग मी सात उतरायचो. हे कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवशी ताट सातव्या पायरीवर होतं म्हणून रोज तिथेच. एकदा मी चुकून लवकर उतरलो आणि आम्ही समोरासमोर आलो, मधे तीन पायऱ्या, तिच्या हातात आमटीची वाटी. दोन वर्षांनी एवढ्या जवळून बघत होतो. ती म्हणाली, "मास्क कुठंय?" आणि वाटी ठेवून खाली.

मग आम्ही बोलायचो कसं? व्हिडिओ कॉलवर. लंडनमधून करायचो तसाच, त्याच वेळेला, ती तसाच फोन कपाळाला लावून धरणार आणि मला तिची भुवई आणि पंखा दिसणार. फरक एवढाच की आता कुकरची शिट्टी दोनदा ऐकू यायची, एकदा खालून फरशीतून आणि मग अर्ध्या सेकंदाने फोनमधून. विमान, टेस्टा आणि ते हॉटेल धरून मला ती जादाची शिट्टी साधारण लाखभराला पडली.

या काळात तुम्ही वर एकटे, सुरक्षित, पण खाली काय चालतं तेही बघा. मी आलोय हे कळल्यावर पहिल्या तीन दिवसांत मला "लांबूनच बघायला" अकरा माणसं येऊन गेली. सगळी खालच्या सोप्यात बसली, मास्क काढून चहा प्यायली, "त्याला काही होत नाहीये ना, सांभाळा हो, तिकडे फार आहे म्हणे" असं आईच्या अगदी तोंडाजवळ जाऊन म्हणाली आणि जिन्याकडे मात्र कोणी फिरकलं नाही. आत्या आली. ही आत्या एप्रिलमध्ये फोनवर म्हणाली होती बापाचं ऑपरेशन आहे आणि पोरगं येत नाही, काय करायचंय तिकडचं शिक्षण. आता खालून ओरडली, "अशात कशाला आलास रे? म्हातारी माणसं आहेत घरात!" मला तर वाटतं दोन्ही वेळेला ती बरोबरच होती, हाच तर वैताग आहे.

आरोग्य केंद्रातून रोज फोन यायचा. "बाहेर पडला होतात का?" नाही. "मग गाड्यांचा आवाज येतोय." खिडकी उघडी आहे. "बरं, खिडकीतून बाहेर पडू नका." चांगले होते बिचारे, त्यांना दिवसात असे किती फोन करायचे असतील.

टेस्ट निगेटिव्ह आली, २७ डिसेंबरला मी चौदाच्या चौदा पायऱ्या उतरलो. येण्याचं खरं कारण १ जानेवारीला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. शंभर माणसं बोलावली होती, नियमात बसवून. ३१ पासून नियम आला पन्नासचा. तर तुमच्याही घरी कार्य असेल तर यादी पेन्सिलीने करा हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला. आई रात्री बसून नावं खोडत होती, गुरुजी दोन, आचारी तीन, वाढपी मोजायचे का नाही यावर वाद, आणि शेवटी हिशोब एक्कावन्नवर अडला. बाबा म्हणाले, "मीच वर जाऊन बसतो, तुम्ही उरकून घ्या." कोणी जास्त हसलं नाही, कारण मे महिन्यात मोठे काका गेले तेव्हा वीसच माणसांना परवानगी होती आणि मी धरून चौदा जण चुलतभावाच्या फोनच्या स्क्रीनवर होतो. स्क्रीनवरच्यांना मोजत नाहीत. शेवटी एका वाढप्याला सुट्टी दिली आणि पंगत मी वाढली, म्हणजे मोजलो गेलो तो वाढपी म्हणून.

आणि मग परतीची टेस्ट. ब्रिटनला निघायच्या आधी दोन दिवसांतली टेस्ट हवी होती, पॉझिटिव्ह आली तर तिकीट गेलं, रजा गेली, बॉस आधीच गेलेला. पन्नास माणसांना वाढून झाल्यावर ही आठवण येते. तेव्हा २ जानेवारीला मी आपणहून परत माडीवर गेलो. पहिल्यांदा त्यांना माझी बाधा होऊ नये म्हणून, आता मला त्यांची होऊ नये म्हणून. ताट परत सातव्या पायरीवर. वीस दिवसांत सहा दिवस खाली, रजेच्या अर्जात हे कुठे लिहायचं कळेना. बॅग भरायलाही आईने खालून सूचना दिल्या, भाजणी तळाला, कंदी पेढे मधे, मेतकूट कपड्यात गुंडाळून.

६ जानेवारीला लंडनला उतरलो. ७ च्या पहाटे ४ वाजल्यापासून ब्रिटनने ती निघण्याआधीची टेस्ट रद्द केली. आणि ११ पासून भारतात सगळ्याच देशांतून येणाऱ्यांना सात दिवस होम क्वारंटाईन लागलं, म्हणजे न्यू जर्सीवाल्यांवरही पायऱ्या मोजायची पाळी आली.

आईने बातमी वाचून फोन केला. भुवई आणि पंखा. "एकच दिवस उशिरा गेला असतास तर चार दिवस खाली जेवला असतास." मी म्हटलं, "मी उशिरा निघालो असतो तर नियम ८ तारखेला बदलला असता." ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, एकदाच.