नवा ड्रायव्हर, जुनीच फाइल

लिनक्स कर्नलसाठी तापमान मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारा कोड) लिहायचाय? मग डेटाशीट (चिपची माहितीपत्रिका) कशाला उघडता? एचडब्ल्यूमॉनच्या, म्हणजे असल्या सेन्सरांच्या ड्रायव्हरांच्या, फोल्डरमधली त्यातल्या त्यात जवळची फाइल उचला, कॉपी करा आणि जुन्या चिपचं नाव शोधून सगळीकडे नवं टाका. एखाद्या कॉमेंटमध्ये जुनं नाव राहिलं तर राहू द्या, पुढच्यांना कुळ तरी कळेल.

एलएम७५ या तापमानाच्या चिपची फाइल मात्र चुकूनही वाचू नका. तिथे टीएमपी७५, टीएमपी२७५, डीएस७५ अशा डझनावारी चिप्स एकाच कोडवर नांदतात. प्रत्येकीचं वेगळेपण तक्त्यातल्या दोन-चार ओळींत मावतं: रिझोल्यूशन किती बिटांचं, नमुना किती मिलिसेकंदांनी, वगैरे. तुमची चिप त्याच घराण्यातली निघाली तर पॅच (कर्नलला पाठवायचा बदल) दहा ओळींत संपेल, आणि दहा ओळींवर अप्रेझल होत नसतं. चारशे लिहा. त्यात कॉपी केलेल्या फाइलीतलं ‘वाचलेला आकडा सात घरं उजवीकडे सरकवा, ५०० ने गुणा’ हे गणित तसंच ठेवा. ते ९ बिटांच्या एलएम७५ साठी बरोबर आहे. तुमची चिप १२ बिटांची असेल तर चारच घरं सरकवायला हवीत. सात सरकवली की खालचे तीन बिट गळतात आणि ०.०६२५ अंशाची चिप अर्ध्या अर्ध्या अंशाने चालते. कुणी तक्रार करणार नाही. आकडा पटण्यासारखाच असतो ना!

रेगमॅप, म्हणजे चिपची रजिस्टरं (तिच्या आतल्या छोट्या साठवणजागा) लॉक लावून वाचण्या-लिहिण्याची तयार सोय, कर्नलमध्ये २०११ पासून आहे, म्हणून काय वापरायलाच हवा? ‘वाच, बिट बदल, परत लिही’ हे तीन ओळींचं फंक्शन घरीच करा, लॉकशिवाय. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं) एकाच रजिस्टरवर भिडले की एकाने लावलेला बिट दुसऱ्याच्या लिखाणात पुसला जातो. महिन्यातून एकदाच होतं. ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून तिकीट बंद.

सेन्सर वेगळी चिप नसून एसओसीच्या (प्रोसेसरसकट सगळं भरलेल्या एकाच चिपच्या) पोटातला ब्लॉक असेल तर खरी कला इथे आहे: दोन फाइलींतून अर्धं-अर्धं उचला. इंटरप्ट (ब्लॉकची ‘इकडे बघा’ ही हाक) डेव्हएमने, म्हणजे घेतलेलं आपोआप परत करणाऱ्या सोयीने, मागा; क्लॉक (ब्लॉक चालवणारा ठोका) जुन्या पद्धतीने चालू करा आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढतानाच्या फंक्शनमध्ये) हाताने बंद करा. रिमूव्ह आधी धावतं, डेव्हएमची आवराआवर नंतर. मधल्या फटीत इंटरप्ट आला की त्याला उत्तर देणारं फंक्शन, हँडलर, क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला जातं आणि काही एसओसींवर बसच (प्रोसेसर आणि ब्लॉकमधली वाट) अडकते. ओप्स (कर्नलचा त्रुटी-संदेश) नाही, लॉग नाही, बोर्ड गप्प. क्लॉकही डेव्हएमनेच, आणि इंटरप्टच्या आधी, घेतला असता तर सुटका उलट्या क्रमाने झाली असती: आधी इंटरप्ट, मग क्लॉक. पण मग डीबगिंगचा आठवडा कुठून मिळणार?

आदर्श हवाच असेल तर स्टेजिंगमधले (कर्नलच्या कच्च्या ड्रायव्हरांच्या फोल्डरमधले) रिअलटेकचे जुने वायफाय ड्रायव्हर आठवा. वायफायचा सामाईक कोड, मॅक८०२११, शेजारी उभा असताना आरटीएल८१९२यू आणि आरटीएल८१९२ई आपापला ८०२.११ चा (वायफायचा) स्टॅक, टीकेआयपी आणि सीसीएमपी या एन्क्रिप्शनच्या कोडसकट, बरोबर घेऊन आले.

रिव्ह्यूअर विचारेलच, ‘आहे त्याच ड्रायव्हरमध्ये का नाही घातलं?’ त्याला ‘आमची चिप वेगळी आहे’ एवढंच कळवा. डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) मागितला तर व्ही२ (पॅचची दुसरी आवृत्ती) पाठवा, फक्त स्पेसेस बदलून.