चार गोल आणि एक केळ

शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून चौथी-सातवीला जाण्यापूर्वीची ही गोष्ट. आमच्या घरी संध्याकाळी सातला टीव्ही बंद व्हायचा आणि पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव सुरू व्हायचा. एका पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. केळीच्या बागांच्या आमच्या रावेर तालुक्यात एवढ्या वेळात समोरच्याची ख्यालीखुशालीही विचारून होत नाही.

एकदा सराव प्रश्नपत्रिकेत गटात न बसणारे पद विचारले होते : आंबा, चिंच, केळ, वड. उत्तरसूचीनुसार उत्तर 'वड', कारण उरलेल्यांची फळे आपण आवडीने खातो. चिरंजीवांनी मात्र 'केळ'समोरचा गोल ठामपणे काळा केला. बाकीची तीन झाडे पिढ्यान्‌पिढ्या उभी असतात, केळीचे खोड एकदा घड दिला की कापावे लागते, आणि ते खोडही लाकडाचे नसून एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांच्या तळांचे असते, हे त्याने मला, म्हणजे मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांतला फरक अजूनही वडिलांना विचारणाऱ्या माणसाला, ज्या संयमाने समजावले, तो संयम माझ्या शिकवण्यात कधीच नव्हता. वनस्पतिशास्त्रही त्याच्याच बाजूने आहे. परंतु यंत्राला काळा गोल दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही. गुण शून्य.

राज्यभरातील उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासायच्या तर यंत्राला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. (पर्याय सगळे प्रश्नपत्रिकेतच खर्ची पडले असावेत.) मात्र एखाद्या मुलाने डोळे मिटून गोल काळे केले, तरी चारांतला एक या हिशेबाने त्याचे अठरा-एकोणीस प्रश्न बरोबर येऊन सुमारे ३७ गुण पदरात पडू शकत, कारण चुकीबद्दल गुण कापले जात नसत. आमच्या घरी मात्र भुसावळहून सुटलेल्या गाडीचे गणित, 'ती आउटर सिग्नलला किती वेळ थांबेल ते दिलेलेच नाही' या कारणास्तव कोरे राहायचे.

"पप्पा, कारण लिहायला जागा कुठे आहे?" त्याने विचारले. जागा नाही म्हटल्यावर त्याने 'केळ' आणि 'वड' असे दोन्ही गोल काळे करण्याची तयारी दाखवली. पाचवीला तसे चालत नाही, आठवीच्या परीक्षेत मात्र काही प्रश्नांचे दोन पर्याय अचूक असतात, असे मी त्याला सांगितले. त्याने बोटांवर तीन वर्षे मोजली.

ओट्यावरून आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तोवर आपल्या दोन बागा कापून होतील."