आपण कुठल्या निबचे?

शाईपेनवाल्यांच्या एका ग्रुपात शिरण्यासाठी मला जो अर्ज भरावा लागला, त्यात नाव आणि वय यांना जागाच नव्हती. पहिला प्रश्न होता, 'आपण शाईपेनाकडे कसे वळलात?' खाली बारीक अक्षरांत सूचना: 'किमान शंभर शब्द. "आवड म्हणून" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' दुसरा प्रश्न, 'आपण कुठल्या निबचे?' आणि तिसरा, 'आपल्याकडील पेनांची यादी जोडावी. बॉलपेन असल्यास कारण द्यावे.'

खरं म्हणजे मी शाईपेनाकडे वळलो वगैरे काही नव्हतो. माझ्याकडे ड्रॉपरनं शाई भरायचं एक साधं पेन होतं आणि ते लिहिता लिहिता मध्येच टपोरा थेंब टाकायचं. तोही नेमका सहीवर. असं का होतं, एवढंच मला कुणा जाणकाराला विचारायचं होतं. पण गळक्या पेनाचे शंभर शब्द होत नाहीत. मग 'वडिलांचं जपून ठेवलेलं पेन', 'शाईचा तो वास', 'अक्षरांशी जुळलेलं नातं' असा सगळा ऐवज ओतला. वडील जन्मभर बॉलपेननंच लिहीत आले आणि आजही लिहितात. अर्ज मात्र मंजूर झाला.

मंजूर म्हणजे तोंडी परीक्षेपुरता. ती घ्यायला तिघे ज्येष्ठ सदस्य हजर होते. ग्रुपात ज्येष्ठपणा वयावर नसतो, पेनं किती यावर असतो. त्यामुळे माझ्या भाच्याच्या वयाचा एक मुलगा मला 'बोला काका' म्हणून तपासत होता.

"निबच्या टोकाला काय असतं?"

मी पेन डोळ्यांजवळ धरलं. निबवर चक्क कोरलेलं होतं, 'इरिडियम पॉइंट'. "इरिडियम," मी म्हणालो.

पलीकडे शांतता पसरली. मग तिघांपैकी एकानं अत्यंत हळुवारपणे, म्हणजे अपमान नीट मुरावा अशा बेतानं सांगितलं की हल्लीच्या बहुतेक निबांच्या टोकाला जो कठीण मिश्रधातूचा मणी असतो, त्यात इरिडियम नावापुरतं असतं किंवा मुळीच नसतं. ते नाव नुसतं चालत आलंय. थोडक्यात, निबवर कोरलेलं खोटं, ते कोरणारा प्रतिष्ठित आणि वाचणारा मी अडाणी.

"बरं, निब कुठली वापरता?"

"फाइन."

"जपानी फाइन की युरोपीय फाइन?"

हा प्रश्न मात्र न्याय्य होता, हे नंतर कळलं. जपानी फाइन ही बहुधा युरोपीय फाइनपेक्षा बारीक लिहिते, त्यामुळे नुसतं 'फाइन' म्हणण्यानं काहीच कळत नाही. पण हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्यांनी ते सांगितलं नाही. नुसतं एकमेकांकडे बघितलं. छंदात मुरलेल्या माणसाला माहिती असते तोवर तो बरा असतो. ती समोरच्याकडे नाही असं त्याला कळलं की तो बिघडतो.

मला 'निरीक्षक' म्हणून घेतलं. निरीक्षकानं वाचायचं, अंगठा दाखवायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. ज्या एका कामासाठी मी आलो होतो, तेच सोडून बाकी सगळं करायची मुभा होती.

निरीक्षण मात्र मी मन लावून केलं. पहिल्यांदा उतरंड लक्षात आली. सगळ्यात वर सोन्याची निब असलेले. त्यातही 14 कॅरट, म्हणजे निबवर 585 लिहिलेले, आणि 18 कॅरट, म्हणजे 750 लिहिलेले, यांच्यात धुसफुस. 750वाले श्रीमंत, पण 585वाले म्हणतात, जास्त सोनं म्हणजे जास्त मऊपणा नव्हे, अभ्यास वाढवा. स्टीलच्या निबवाले खाली. 'आमच्याकडे स्टीललाही तेवढाच मान आहे हं,' असं मुद्दाम कुणी सांगितलं की समजावं, नाहीये. त्याच्याही खाली शाईच्या तयार नळ्या घालणारे. आणि तळाशी, ज्यांच्याविषयी मुलाबाळांसमोर बोलत नाहीत असे, शाईपेनात चित्रकलेची इंडिया इंक भरणारे. त्या शाईत बहुधा लाख असते, ती आत वाळली की पेन कायमचं बुजतं, त्यामुळे हा राग मला पटतो. पण एका पोरानं भाबडेपणानं 'भरली तर चालेल का?' एवढंच विचारलं होतं, आणि त्याच्या हातून खून झाल्यासारखी श्रद्धांजली वाहिली गेली. पेनाला.

या मंडळींना कुणीतरी शाईपेनाचा इतिहास सांगायला हवा, असं मला फार वाटायचं. पण निरीक्षकाला तोंड नव्हतं. 1827 साली फ्रान्समध्ये ज्याला शाईपेनाचं पेटंट मिळालं, तो पेत्राके पोएनारू हा पॅरिसमध्ये शिकणारा रुमानियन विद्यार्थी. भराभर टिपणं काढायची होती आणि दर दोन ओळींनी दौतीत पीस बुडवायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यानं हा उद्योग केला. पेनात शाईची नळी म्हणून हंसाचं पीस. हा गृहस्थ आमच्या ग्रुपात आला असता तर 'शाईपेनाकडे कसे वळलात?' या प्रश्नाला त्यानं 'टिपणं काढायला' असं उत्तर दिलं असतं आणि शब्दमर्यादेवरच बाद झाला असता. 1884 साली शाईपेनाचं पेटंट घेणारा अमेरिकन वॉटरमन तर विम्याचा माणूस. शाई सुरळीत उतरायची तर तिच्या जागी हवा आत यायला वाट हवी, हे त्यानं ओळखलं आणि निबखालच्या दांडीत बारीक खाचा पाडल्या. तेव्हा कुठे पेन भरवशाचं झालं. त्याच्या नावाच्या पेनांवर हुकूमत गाजवणाऱ्यांनी आत यायची वाट मात्र बंद ठेवावी, ही गंमत मला एकट्यालाच दिसत होती.

दुसरं निरीक्षण हळूहळू झालं आणि झालं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. रोज ग्रुपात लिखाणाचे फोटो पडायचे. देखणे, तिरप्या उजेडात काढलेले. शाईची गडद-फिकी छटा, कडेला चमकणारा तांबडा रंग, रेषेला जराही तंतू फुटलेला नाही. मी एकदा ते सगळे फोटो मोठे करून, शांतपणे, मजकूर म्हणून वाचले. प्रत्येक कागदावर पेनाचं नाव लिहिलेलं होतं. त्याखाली निबचं नाव. त्याखाली शाईचं नाव. त्याखाली कागदाचं नाव. मग शून्य-शून्य-शून्य अशी गोलांची एक ओळ आणि संपलं. एवढ्या पेनांनी, एवढ्या शायांनी, इतकी माणसं वर्षानुवर्षं फक्त पेनाला त्याचं स्वतःचं नाव सांगत होती. लिहिण्यासारखं काही कुणाकडे नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा नाही.

कागदावरून तर ग्रुप फुटला. तोमोए रिव्हर नावाचा एक जपानी कागद आहे, चौरस मीटरला 52 ग्रॅमचा, म्हणजे पलीकडचं दिसावं इतका पातळ, तरी शाई फुटू न देणारा. मूळ कंपनीनं तो बनवायचं थांबवलं आणि दुसरीनं हाती घेतला. झालं. जुना कागदवाले आणि नवा कागदवाले असे दोन तट पडले. जुन्यावाल्यांनी वेगळा ग्रुप काढला, नावात 'मूळ' घातलं. त्यातून 'खरे मूळ' निघाले. त्यांच्याकडे जुन्या कागदाची न उघडलेली पाकिटं आहेत असं ऐकतो. उघडली तर संपतील म्हणून कुणी त्यावर लिहीत नाही.

या धांदलीत पहारा सैल झाला आणि मी माझा प्रश्न टाकून दिला: पेन मध्येच थेंब का टाकतं?

उत्तरं धडाधड आली. 'पेन कुठलं?' 'शाई कुठली?' 'आधी शोधा, मग विचारा.' 'निरीक्षकांना प्रश्नाची परवानगी कधीपासून?' एकानं 'असं पेन मुळात घेतलंच का?' असा मूलभूत प्रश्न केला. रात्री उशिरा एका अनोळखी सदस्याचा खासगी निरोप आला. 'पेनातली शाई निम्म्याखाली गेली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. टाकी अर्धी व्हायच्या आत भरत जा. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, तिथून पाझरणार नाही.' आणि खाली: 'मी सांगितलं हे कृपया कुणाला कळू देऊ नका.'

मी पेन काठोकाठ भरलं. थेंब थांबला. माझं काम झालं होतं, निघायला हरकत नव्हती; पण भांडण बघायची चटक लागली होती म्हणून थांबलो. म्हणून पुढचं बघायला मिळालं.

कसं कोण जाणे, एक ताई थेट ग्रुपात आल्या. अर्ज नाही, तोंडी नाही. त्यांनी लिहिलं, 'नमस्कार, आईला हातानं पत्र लिहायचंय. तिला शाईचं अक्षर आवडतं. कुठलं पेन घेऊ?'

ग्रुप खडबडून जागा झाला. पत्र किती पानी? आईंची नजर कशी आहे? आपला हात उजवा की डावा? पेन धरताना कोन किती अंशांचा होतो? पाण्यानं न पुसली जाणारी शाई हवी का? एकानं लोहयुक्त मायफळाची शाई सुचवली, जी लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की काळी पडत जाते. दुसऱ्यानं तिच्यानं निब गंजते म्हणून तंबी दिली. 585 आणि 750 पुन्हा जुंपले. 'खरे मूळ'वाले खास या चर्चेसाठी परत आले. ताई मधूनमधून 'बरं', 'हो का' म्हणत होत्या. मग गप्प झाल्या.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. 'सगळ्यांचे आभार. शेजारच्या काकांचं जुनं पेन मागून आणलं आणि पत्र लिहिलं. आईला मिळालं. फोनवर खूप वेळ रडत होती.'

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी ॲडमिनसाहेब उमटले.

'कागद कुठला होता?'